चर्चच्या आवारातील कुटुंब समुपदेशन केंद्र : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑगस्टपासून या मे महिन्यापर्यंत मी आणि माझे पती वसई परिसरातील एका कुटुंब समुपदेशन केंद्रात जात होतो. केंद्र चर्चच्या आवारात असून ते धर्मभगिनींची एक विश्वस्त संस्था ना नफा तत्त्वावर चालवते. आमच्या एकूण सतरा भेटी झाल्या : चार माझ्या एकटीच्या, तीन पतींच्या एकट्याच्या आणि दहा दोघांच्या मिळून. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे एक तक्रारही लिहिणार आहे आणि ती त्यांच्यापाशी मांडून झालेली आहे. अशा ठिकाणी जावे की नाही, विशेषतः आपण त्या धर्माचे नसताना जावे की नाही, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांच्यासाठी हा अनुभव आहे.

माझे माहेर डोंबिवलीचे, हिंदू. सासर वसईच्या पश्चिमेकडील वाड्यांच्या, म्हणजे बागायतींच्या पट्ट्यातले, सामवेदी कॅथलिक. बारा वर्षांपूर्वी धर्मप्रांताची, म्हणजे बिशपांच्या कार्यालयाची, विशेष परवानगी घेऊन आमचे लग्न चर्चमध्ये लागले. मी धर्म बदलला नाही आणि तसे कोणी मागितलेही नाही. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले, त्यानंतर वाडी विकायची की ठेवायची यावरून दिरांमध्ये बोलणे बंद झाले आणि हळूहळू पतींचे माझ्याशीही बोलणे बंद झाले. अंधेरीहून साडेआठच्या सुमारास घरी यायचे, दोन पेग घ्यायचे, टीव्हीसमोर जेवायचे आणि झोपायचे. त्यातच मुलगी आठ वर्षांची झाली आणि तिच्या फर्स्ट होली कम्युनियनची, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या विधीची, तयारी सुरू झाली. ती कोणाची, कोणत्या देवाची, हा बारा वर्षे झाकून ठेवलेला प्रश्न अशा रीतीने जेवणाच्या टेबलावर आला.

मी आधी बोरिवलीच्या एका खाजगी समुपदेशकाचा पत्ता काढला होता. एका तासाचे दीड हजार रुपये होते. पण अडचण पैशांची नव्हती. पतींनी "मी वेडा आहे का?" एवढेच विचारले आणि विषय संपला. पुढे एका रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, झाल्यावर फादरांनी त्यांना बाजूला घेऊन या केंद्रात जाऊन यायला सांगितले आणि हा माणूस वेळ मिळाली त्या शनिवारी निमूटपणे माझ्याबरोबर आला. धर्माधिष्ठित केंद्राचे सर्वांत मोठे बळ मला इथेच दिसते. आमच्याकडच्या पुरुषाला डॉक्टर, बायको किंवा बहीण जिथे नेऊ शकत नाही, तिथे फादरांचा शब्द त्याला दारापर्यंत आणतो. दाराच्या आत काय होते हे मात्र पूर्णपणे आत बसलेल्या माणसांवर अवलंबून असते.

आत दोघी होत्या. एक सिस्टर, समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या, वय साठीच्या आसपास. दुसऱ्या गावातल्याच विवाहित बाई, शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर समुपदेशनाची पदविका घेतलेल्या. महिन्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञ येतात. शिक्षणाची ही माहिती मी पहिल्याच भेटीत विचारून घेतली आणि सर्वांनी ती विचारावी, कारण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषद या सरकारी संस्थेची नोंदणी लागते, पण समुपदेशनाच्या खोलीत बसलेली प्रत्येक व्यक्ती त्या पात्रतेची असते असे नाही. सिस्टरांना प्रश्नाचा राग आला नाही. त्यांनी प्रमाणपत्रे भिंतीवर नाहीत, फायलीत आहेत, असे सांगून फाईलच पुढे ठेवली.

भिंतीवर होते ते येशूच्या पवित्र हृदयाचे चित्र. ते पाहून मी थोडी ताठ बसले असावे, कारण सिस्टर म्हणाल्या, "आम्ही प्रार्थनेने सुरुवात करतो. तुम्हाला नको असेल तर दोन मिनिटे नुसते शांत बसू." मी शांत बसणे निवडले. त्यानंतरच्या भेटींत हा प्रश्न पुन्हा विचारला गेला नाही. आम्ही दोन मिनिटे गप्प बसायचो, आणि खरे सांगायचे तर आठवड्यात आम्ही दोघे एकमेकांशेजारी टीव्हीविना गप्प बसत होतो ती तेवढीच वेळ होती.

पहिल्या फेरीत दोघांशी वेगवेगळे बोलणे झाले. माझ्या एकटीच्या भेटीत सिस्टरांनी कोणतीही प्रस्तावना न करता विचारले, "घरात कोणी हात उचलते का? वस्तू फेकून मारते का? पैसे काढून घेते का?" तिन्हींचे उत्तर नाही असे होते. त्यांनी मग नियम सांगितला की उत्तर हो असते तर दोघांना एका खोलीत बसवलेच नसते, आधी बाईच्या सुरक्षिततेचे पाहिले असते आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यातील संरक्षण अधिकाऱ्याकडे तिला नेले असते. "संसार टिकवा" एवढेच सांगणारी अनेक ठिकाणे मी ऐकून होते, त्यामुळे हा नियम मला आश्वासक वाटला. पुढे प्रतीक्षाकक्षात बसलेली असताना एका बाईला त्यांनी खरोखरच वेगळ्या दाराने बाहेर नेल्याचे मी पाहिले.

आमच्या बाबतीत गाडे अडले होते ते पतींच्या मौनावर. पहिल्या दोन एकत्र भेटींत ते "ठीक आहे" आणि "हिलाच विचारा" यापलीकडे गेले नाहीत. तिसऱ्या भेटीत त्या निवृत्त शिक्षिका मराठीत प्रश्न विचारता विचारता सहजपणे कादोडीवर गेल्या. कादोडी ही सासरची घरातली बोली. बारा वर्षांत मला ती समजू लागली आहे, बोलता येत नाही. त्यांनी वाडीतल्या विहिरीबद्दल काही विचारले. पती आधी हसले, मग सासऱ्यांनी ती विहीर कशी खणून घेतली ते सांगू लागले आणि सांगता सांगता मध्येच थांबून टेबलावरचा पेपरवेट फिरवू लागले. पेपरवेट बराच वेळ फिरत राहिला. मग त्यांनी सांगितले की वडील गेले त्या रात्री फोन सायलेंटवर ठेवून ते झोपले होते आणि भावाचे अकरा मिस्ड कॉल सकाळी पाहिले. हे मला माहीत नव्हते. प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत हे वाक्य त्यांच्या तोंडून निघाले असते असे मला वाटत नाही, आणि दीड हजार रुपये घेणाऱ्या बोरिवलीच्या खोलीत कादोडी कोणाला येणार होती?

याच शिक्षिकाबाईंशी माझे एकदा खटकलेही. दुसऱ्याच भेटीत त्यांनी क्षमेचा विषय काढला : संसारात आधी क्षमा करायला शिकावे लागते, वगैरे. मी म्हटले, क्षमा कोणी कोणाची करायची हे अजून ठरलेले नाही. सिस्टरांनी तो विषय तिथेच थांबवला. धर्माच्या छायेतल्या समुपदेशनात ही सवय असते आणि ती सांभाळून घ्यावी लागते, की चांगला शब्द फार लवकर काढला जातो आणि ज्याचे दुखते आहे त्याचे दुखणे सांगून होण्याआधीच त्याच्या हातात औषध येते.

मुलीचा प्रश्न गणपतीत पेटला. डोंबिवलीला तिने आरतीचे ताट धरलेला फोटो माझ्या भावाने पाठवला आणि सासूबाईंनी तो पाहिला. "लग्नाच्या वेळी हिने वचन दिले होते," असे त्यांचे म्हणणे. मला असे काही वचन दिल्याचे आठवत नव्हते, पती खांदे उडवत होते. सिस्टरांनी यावर मत दिले नाही. त्यांनी पुढच्या भेटीला फादरांना बोलावले आणि आमच्या लग्नाच्या कागदपत्रांतील तो कागद वाचायला लावला. चर्चच्या कायद्याप्रमाणे अशा विवाहात वचन कॅथलिक जोडीदाराचे असते : स्वतःचा विश्वास सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक धर्मात व्हावे यासाठी आपल्याला शक्य ते सर्व करीन. दुसऱ्या जोडीदाराने वचन द्यायचे नसते. पहिल्याने वचन दिले आहे याची त्याला कल्पना द्यायची असते. म्हणजे सही पतींची होती, मला फक्त सांगण्यात आले होते, आणि बारा वर्षे घरात मी वचन मोडणारी ठरत होते. फादरांनी हे जसेच्या तसे घरी येऊन सासूबाईंनाही सांगितले. त्या नाराज झाल्या, पण माझ्यावर नव्हे. मुलगी मे महिन्यात कम्युनियनला बसली, पांढरा फ्रॉक मी स्वतः शिवून घेतला आणि पहिल्या ओळीत बसले. गणपतीला ती डोंबिवलीला जाणार हेही ठरले आहे. बाहेरच्या समुपदेशकाला हा कागद अस्तित्वात आहे हेही कळले नसते.

आता तक्रार. केंद्राचे दार चर्चच्या मोठ्या फाटकासमोरच उघडते, प्रतीक्षेचा बाक व्हरांड्यात आहे आणि शनिवारी संध्याकाळी, म्हणजे मुंबईला नोकरी करणाऱ्यांना सोयीच्या एकमेव वेळी, तिथून अर्धे गाव मिस्साला जाते. हे एक वेळ सोसता येते. पण ऑक्टोबरमध्ये नोंदवही सांभाळणाऱ्या स्वयंसेविकेने, जी आमच्याच आळीतली आहे, बाजारात सासूबाईंना विचारले, "मुलगा-सून अजून येतात ना शनिवारी?" सासूबाईंना आम्ही काहीच सांगितले नव्हते. पुढचे दोन आठवडे घरात जे झाले ते लिहीत नाही. पतींनी एक भेट चुकवली आणि पुन्हा जाणार नाही असे जाहीर केले. मी सिस्टरांना लेखी कळवले. त्यांनी चूक मान्य केली, स्वयंसेविकेला वहीच्या कामावरून हलवले, वहीत नावांऐवजी क्रमांक लिहायला सुरुवात केली आणि आम्हाला मागच्या दाराची, गुरुवारी रात्री आठची वेळ दिली. सुधारणा झाली हे खरे. तरीही जिथे सगळे एकमेकांना ओळखतात तिथे गुप्तता वहीतल्या क्रमांकांनी पुरती राखली जात नाही. ज्यांचे प्रकरण अधिक नाजूक आहे त्यांनी स्वतःच्या धर्मग्रामाबाहेरचे, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीबाहेरचे, केंद्र गाठावे, भले रिक्षाचे पैसे जास्त लागोत.

दुसरी मर्यादा जानेवारीत कळली. एका वाईट भांडणानंतर मी एकटीच्या भेटीत सरळ विचारले की वेगळे व्हायचे असेल तर काय करावे लागते. शिक्षिकाबाईंचा चेहरा उतरला आणि त्या प्रार्थनेबद्दल काही बोलू लागल्या. सिस्टर मात्र शांतपणे म्हणाल्या, "हा निर्णय आम्ही देणार नाही आणि अडवणारही नाही. माहिती वकिलाकडून घ्या." आणि त्यांनी तालुका विधी सेवा समितीचे नाव लिहून दिले, कारण १९८७ च्या कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्य मागता येते. तिथल्या वकीलबाईंकडून कळले की आमचे लग्न १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लागलेले असल्याने आम्हाला १८६९ चा घटस्फोट कायदा लागू होतो. त्यात परस्परसंमतीची तरतूद २००१ मध्ये आली आणि तिच्या मजकुरात दोन वर्षे वेगळे राहण्याची अट आहे, हिंदू विवाह कायद्यात आहे तशी एक वर्षाची नव्हे. चर्चच्या न्यायाधिकरणाने लग्न रद्दबातल ठरवले तरी सरकारी कायद्याने ते मोडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुन्हा स्पष्ट केलेले आहे. अनेक जण ह्याच गैरसमजात अडकतात, असे त्या म्हणाल्या. मी अर्ज केला नाही. पण ही माहिती केंद्राने स्वतः, छापील पत्रकावर, पहिल्या दिवशी द्यायला हवी. ती विचारण्यासाठी बाईला एवढे धैर्य गोळा करावे लागू नये.

दारूबाबत केंद्राने फार काही केले नाही, आणि तसा दावाही केला नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी पतींना एकदा तपासले, व्यसन म्हणावे अशी अवस्था नसल्याचे सांगितले, झोपेची गोळी दिली नाही आणि दोन पेग शनिवार-रविवारपुरते ठेवायला सांगितले. चर्चच्याच सभागृहात अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची बैठक भरते, तिथे ते एकदा जाऊन आले आणि "ती माणसे माझ्यापेक्षा फार पुढे गेलेली आहेत" असे सांगून पुन्हा गेले नाहीत. सध्या बुधवारीही एखादा पेग होतो.

खर्चाचे सांगायचे तर नोंदणीचे शंभर रुपये, नंतर प्रत्येक भेटीला बंद पाकिटात यथाशक्ती. आम्ही तीनशे ठेवत होतो. पाकिटावर नाव लिहायचे नसते, त्यामुळे कोणी किती दिले ते कळत नाही. पहिली वेळ मिळायला तीन आठवडे लागले. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या शेवटच्या आठवड्यात आणि नाताळाच्या दिवसांत केंद्र बंद असते, आणि घरातली भांडणे नेमकी सणावारालाच होतात हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे; मी सांगितले आहे. त्या काळासाठी त्यांनी दारावर मानसिक आरोग्यासाठी फोनवर मदत देणाऱ्या सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावला आहे.

घरी करायला दिलेल्या गोष्टींपैकी एकच टिकली. रात्री जेवण झाल्यावर स्वयंपाकघरातला गजर पाच मिनिटांवर लावायचा, एकाने बोलायचे, दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचे नाही, मग पाळी बदलायची. सुरुवातीला पती पाचपैकी चार मिनिटे लोकलच्या गर्दीवर बोलत. आता वाडीवर बोलतात. ती विकायची नाही असे भावांचे ठरते आहे. आमच्या भेटी दोन महिन्यांतून एक अशा केल्या आहेत. पुढची जुलैत आहे आणि त्या वेळी सासूबाईंनाही घेऊन या, असे सिस्टरांनी सांगितले आहे. सासूबाई अजून हो म्हणालेल्या नाहीत, पण मागच्या दाराने जाता येते का, एवढे त्यांनी विचारून घेतले आहे.