निळा टॉर्च, चमकणारा बनियन आणि माझे १८,१०० रुपये

एकतीस वर्षं मी कॅशिअर म्हणून काढली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'तुमच्यासारख्याला कळलं कसं नाही?' असं विचारायचा त्रास कुणाला नको. घरात ते रोज विचारून होतंय. रक्कम अठरा हजार शंभर. प्लॉट नाही, शेअर नाही, सोफा. सोफ्याच्या बुरशीपायी गेले.

पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. मोफत तपासणी, मग घाबरवणं, मग 'आजच बुक केलं तर' सवलत. मलाही ठाऊक होती. दुसऱ्यांच्या बाबतीत ती लगेच दिसते.

मी का घाबरलो तेही ऐका. आमचं घर कोल्हापूरच्या शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अंगाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा घरात शिरली. पाणी उतरल्यावर चौघांनी सोफा उचलून कोपऱ्यावर नेऊन टाकला, तेव्हाही तो गळत होता. दिवाळीत ४६,५०० चा नवीन घेतला. सागवानी फ्रेम, तीन अधिक दोन, गाद्या ४० डेन्सिटीच्या. २०२१ ला परत पाणी आलं, पण त्या खेपेला गाद्या आदल्या रात्रीच माळ्यावर होत्या. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेचं पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. लोक ३९ ला गाड्या हलवतात, मी गाद्या हलवतो. अशा माणसासमोर कुणी नुसतं 'ओल' म्हटलं तरी पुरे होतं.

२०२५ ला पावसानं मे महिन्यातच मुक्काम ठोकला. भिंतींना वास यायला लागला. हिनं मोबाइलवर कुठल्याशा जाहिरातीत आमचा नंबर भरला. (हे लिहिलेलं तिला आवडणार नाही, पण खरं आहे.) १ जूनला, रविवारी, दोन पोरं आली. गळ्यात ओळखपत्र, पायात घरात घालायचे निळे प्लास्टिकचे मोजे, हातात मशीन. त्या मोज्यांनीच मी निम्मा गार झालो. आमच्याकडे गॅसवालासुद्धा चपला घालून आत येतो.

त्यातल्या मोठ्यानं पडदे ओढले, दिवा घालवला आणि सोफ्यावर निळा टॉर्च मारला. बसायच्या जागा, हात, पाठ, सगळीकडे निळसर पांढरे डाग उमटले. "सर, हे पूर्ण फंगस. आतपर्यंत गेलंय."

आता तो क्षण. रविवार होता, मी बनियनवर होतो. टॉर्च वळला तशी ही म्हणाली, "अहो, तुमचा बनियन बघा की, ट्यूबलाइटसारखा पेटलाय." पोरगा क्षणभरही अडखळला नाही. "घामात पण फंगस असतं ना मॅडम." आणि मी, एकतीस वर्षांचा कॅशिअर, बायकोला काय म्हणालो? "तू जरा गप बस, त्यांना काम करू दे."

अहो, मी आयुष्यभर त्याच उजेडात नोटा बघितल्या! काउंटरवरच्या मशीनला हाच जांभळट दिवा असतो. खऱ्या नोटेचा कागद त्यात मंद राहतो, फक्त नंबर आणि बारीक तंतू चमकतात. साधा कागद मात्र पांढराफेक पेटतो, कारण त्यात उजळपणासाठी रसायन घातलेलं असतं. तेच रसायन कपड्याच्या पावडरीत असतं. सोफ्याची कव्हरं मार्चमध्ये हिनं पावडरीत धुतली होती. माझा बनियन शनिवारी. हे मी नवीन पोरांना शिकवलेलं आहे, पगार घेऊन. समोर पुरावा अंगावर घालून उभा होतो आणि बायकोला गप केलं. कुणी असा टॉर्च घेऊन आला तर आधी आपल्या धुतलेल्या रुमालावर मारायला सांगा.

मग हिशेब. चारही ऋतूंचं वर्षाचं पॅकेज ५,५००, वर १८ टक्के जीएसटी, ६,४९०. पाच गाद्यांचा फोम 'सडलाय' म्हणून बदलायचा, प्रत्येकी १,८५० प्रमाणे ९,२५०. खालच्या प्लायला बुरशीरोधक लेप २,३६०. आजच दिले तर हिवाळ्याची खेप फुकट. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं कुठल्याशा मोबाइल शॉपीचं. "पार्टनरचं खातं आहे सर." धनादेशावर एक अक्षर चुकलं तर मी लोकांना परत पाठवायचो. इथे पिन दाबून मोकळा झालो.

माझी बाजू एवढीच, की त्यांनी काम केलं. फवारलं, घासलं, शाम्पू लावला, गाद्या टेम्पोत घालून नेल्या आणि चौथ्या दिवशी खरंच परत आणल्या. पळून जाणारा चोर ओळखू येतो. परत येणाऱ्याला चहा दिला जातो. दिला आम्ही, दोनदा.

जुलै उजाडेपर्यंत सोफ्याच्या पाठीला हिरवी-काळी बुरशी. खरीखुरी, बोटाला लागणारी. आधी नव्हती! भर पावसात जाड फोम आणि लाकडी फ्रेम शाम्पूनं भिजवली, तर ती वाळणार कुठं? हवाच ओली. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सोफ्याला पाणी लावायचं नाही. झाडायचा, कोरडा व्हॅक्यूम मारायचा, भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचा, गाद्या अधूनमधून उभ्या करून पंखा सोडायचा. धुवायचा तर ऑक्टोबरच्या उन्हात. तेव्हाही कव्हरं बाहेर आणि फोम सावलीत, कारण उजेडानं फोम पिवळा पडतो. आणि कव्हरच्या आत कापडाची पट्टी असते ती वाचा. त्यावर डब्ल्यू असेल तर पाणी चालतं. एस असेल तर पाणी नाही, रसायनानं साफ करायचं. एक्स असेल तर फक्त व्हॅक्यूम. आमच्या पट्टीवर एस होतं. मीही ती सोफा बिघडल्यावरच वाचली.

ऑगस्टमध्ये तिघांच्या सोफ्याची मधली गादी खड्ड्यासारखी बसली. पेठेतल्या सोफा मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी चेन उघडली, फोम मुठीत दाबला आणि काही न बोलता शेजारच्या रद्दीवाल्याचा काटा मागवला. गादी २४ बाय २४, जाडी चार इंच. ४० डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ४० किलो, या मापाला साधारण दीड किलो भरली पाहिजे. भरली ७६० ग्रॅम. "वीसची आहे काका. तुमचा सहा वर्षांचा फोम याच्यापेक्षा बरा असणार." म्हणजे माझाच चांगला माल नेला, निम्म्या वजनाचा भरून दिला आणि वर माझ्याकडूनच ९,२५० घेतले. गादी बाहेर द्यायची झाली तर फोमवर मार्करनं सही करा. परत आल्यावर चेन उघडून सही बघा, वजन करा. स्वयंपाकघरातला काटाही चालतो. मुद्दाम सांगतो: आम्हा नवरा-बायकोचं मिळून वय १२५ आहे, तरी आम्हाला सुचलं नाही.

फोन अर्थातच बंद. बिलावरचा पत्ता शिरोली एमआयडीसीचा. स्कूटरवरून गेलो. त्या नंबरला फाउंड्री. वॉचमन म्हणाला, "सोफावाले ना? तुम्ही चौथे." मग जीएसटी नंबर मोजला. २७ नं सुरू, म्हणजे महाराष्ट्राचा, इथवर ठीक. पण अक्षरं चौदा. पंधरा लागतात! मोजायला काही शिक्षण लागत नाही.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, काम केलंय ना त्यानं, मग ही दिवाणी बाब, ग्राहक मंचात जा. मी म्हटलं, खोटा पत्ता, खोटा नंबर, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ बघा. त्यावर त्यांनी माझं वय विचारलं. तिसऱ्या दिवशी अर्जावर शिक्का मिळाला, तोही पोच म्हणून, एफआयआर नाही. बँकेत गेलो तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, पिन तुम्हीच टाकलाय." हेच वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल! करखात्याच्या एका कार्यालयात सांगितलं, नंबरच खोटा म्हणजे आमच्याकडे नोंद नाही, नोंद नाही म्हणजे आमचा विषय नाही. मी विचारलं, मग खोट्या नंबरचा विषय कुणाचा? तर जेवणाची सुट्टी झाली. ओळखीच्या वकिलानं सांगितलं की पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो. पत्ता फाउंड्रीचा आहे. मोबाइल शॉपी कुणाची हे बँक मला सांगत नाही, पोलिसांनी विचारलं तर सांगेल म्हणते. पोलीस म्हणतात दिवाणी. असा गोल रिंगणात मी सहा महिने फिरतोय, स्कूटरचं पेट्रोल वेगळं.

एक कळलं ते लिहून ठेवतो. पैसे गेल्या गेल्या, त्याच तासात, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करायचा. रक्कम पुढे सरकली नसेल तर अडवता येते. मला फसलोय हे कळायलाच अडीच महिने लागले. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतं. मी रजिस्टर्डनं पाठवलं, बिलाची झेरॉक्स, गादीच्या वजनाचा फोटो आणि क्यूआरचा स्क्रीनशॉट जोडून. पोचपावती घरी आली आहे. बाकी अजून काही नाही.

मिस्त्रींनी पाचही गाद्यांत ३२ डेन्सिटीचा फोम भरून दिला, ७,२०० घेतले. चाळीसचा परवडला नाही. बिल वहीच्या पानावर लिहून दिलं, खाली स्वतःचा पत्ता, खरा.

मागच्या आठवड्यात कळंब्याच्या मेव्हण्यानं एक मेसेज पुढे पाठवला. नाव नवीन, नंबर नवीन, 'पावसाळ्याआधी सोफा वाचवा', पॅकेज ५,९००. खाली फोटो: अंधारी खोली, निळा टॉर्च, पांढरे डाग पडलेला सोफा. नीट बघितलं. बाजूच्या टीपॉयवर आमचं वर्तमानपत्र आहे आणि माझा चष्मा.