दोन स्लीपिंग बॅगा एकात एक घालून झोपणं: तीन हिवाळे वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

पहिल्यांदा दोन स्लीपिंग बॅगा एकात एक घालून झोपले तेव्हा एका बॅगेत वाजते त्यापेक्षा जास्त थंडी वाजली होती, हे आधीच सांगते, कारण बरेच जण एकदा असं करून बघतात, रात्रभर कुडकुडतात आणि मग ही आयडियाच बेकार म्हणून सोडून देतात. आयडिया चांगली आहे. माझी बाहेरची बॅग आतल्या बॅगेएवढीच अरुंद होती, एवढंच चुकलं होतं. डाऊनची, म्हणजे बदक-हंसांच्या मऊ पिसांची, बॅग फुगते आणि त्या फुगण्यात अडकलेली हवा आपल्याला ऊब देते, पिसं स्वतः काही गरम नसतात. बाहेरून घट्ट बॅग चढवली की आतलं सगळं फुगणं दाबलं जातं. खांदे आणि गुडघे जिथे टेकत होते तिथे तर कापडाला कापड चिकटलं होतं, मध्ये काही उरलंच नव्हतं.

त्यानंतर बाहेरची बॅग बदलली आणि आता गेले तीन हिवाळे हेच कॉम्बिनेशन वापरतेय. आत डाऊनची ममी बॅग, म्हणजे पायाकडे निमुळती होणारी, अंगासरशी बसणारी, कम्फर्ट रेटिंग (किती थंडीपर्यंत आरामात झोप लागेल तो आकडा) उणे २ अंश सेल्सिअस. बाहेर सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम धाग्यांचं भरण असलेली बॅग, कम्फर्ट अधिक ७, पण लाँग आणि वाइड साइजची. उन्हाळ्यात नुसती सिंथेटिक नेते, पाऊसपाणी असेल तरी तीच, थंडी सुरू झाली की नुसती डाऊन आणि बर्फात जायचं असेल तर दोन्ही. म्हणजे वर्षभराचं काम दोन बॅगांत भागतं, उणे १५ वाली जाडजूड बॅग घेऊन ती वर्षातले अकरा महिने कपाटात ठेवायची गरज नाही.

आता दोन्ही मिळून किती थंडीपर्यंत चालतं? रेटिंगची सरळ बेरीज होत नाही. ट्रेकिंगवाल्यांमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो: २१ मधून बाहेरच्या बॅगेचं रेटिंग वजा करायचं, जे येईल त्याचं निम्मं करायचं आणि आतल्या बॅगेचं रेटिंग तेवढं खाली न्यायचं. माझ्या बाबतीत २१ वजा ७ म्हणजे १४, त्याचे निम्मे ७, म्हणून उणे २ चं झालं उणे ९. मला हा आकडा बऱ्यापैकी खरा वाटला, उणे ८ ला मी थर्मल आणि लोकरीचे मोजे घालून सकाळपर्यंत गाढ झोपले. पण हिशेबात कम्फर्टचाच आकडा धरा. बॅगेवर आयएसओ २३५३७ (आधीचं ईएन १३५३७), म्हणजे रेटिंग मोजण्याचं ठरलेलं मानक, लिहिलेलं असेल तर तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. कम्फर्ट ठरवताना सैल पडून झोपलेली स्त्री धरतात, लिमिटला अंग आखडून झोपलेला पुरुष आणि एक्स्ट्रीम म्हणजे जेमतेम जीव वाचेल अशी अवस्था, तिथे झोप लागणं हा विषयच नाही. काही बॅगांवर मोठ्या अक्षरात नेमका लिमिटचा नाहीतर एक्स्ट्रीमचाच आकडा छापलेला असतो, मला थंडी लवकर वाजते म्हणून मी तो बघतच नाही.

सिंथेटिक बाहेर आणि डाऊन आत, हा क्रम उलटा करू नका. मला या सेटअपमधली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. झोपेत घाम आला नाही असं वाटलं तरी अंगातून वाफ निघतच असते, ती थरांमधून बाहेर जाते आणि जिथे पुरेसं गार लागेल तिथे तिचं पाणी होतं, फारच गार असेल तर बर्फ होतो. एकच डाऊन बॅग असेल तर हे पाणी डाऊनमध्येच मुरतं. मी आधी एकटी डाऊन बॅग घेऊन सलग चार रात्री बर्फात होते, तिसऱ्या दिवशी सकाळी पायाकडचा भाग चिमटीत धरला तर आत पिसांचे हरभऱ्याएवढे गोळे लागत होते आणि गोळ्यांच्या मधे नुसतं पातळ कापड. चौथी रात्र कशी काढली ते आठवलं तरी हुडहुडी भरते. दोन थर असले की पाणी होण्याची जागा सरकून बाहेरच्या बॅगेत जाते आणि सिंथेटिक दमट झालं तरी बऱ्यापैकी ऊब धरून ठेवतं. आता सकाळी बाहेरच्या बॅगेवरून हात फिरवला की बारीक हिमकण हाताला लागतात, ते झटकून टाकायचे, आतली डाऊन मात्र हाताला कोरडी आणि टम्म फुगलेली असते. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा फार समाधान वाटलं होतं.

उणे १४ ची एक रात्रही यात काढलीय. डाऊन जॅकेट अंगात, झाकण घट्ट लावलेली गरम पाण्याची बाटली मांड्यांमध्ये, टोपी. झोप तुकड्यातुकड्यात लागली, पण थंडीने अंग कापलं नाही. त्याहून खाली मी यावर भरवसा ठेवणार नाही. अमेरिकन लष्कराकडे दोन बॅगा आणि वर गोरटेक्सचं (पाणी आत न येऊ देणाऱ्या कापडाचं) कव्हर अशी एकमेकांना बटणांनी जोडायची सिस्टीम आहे, ती उणे ३० च्याही खाली नेता येते, पण तिथे दोन्ही बॅगा मुळातच एकमेकींच्या मापाने शिवलेल्या आहेत आणि वजनही तसंच दणदणीत आहे. फार कडक थंडीत बरेच दिवस राहायचं असेल तर आत व्हेपर बॅरियर लायनर, म्हणजे वाफ अडवणारी पिशवी, वापरतात. मी एकदा वापरलं, बॅग कोरडी राहते पण अंगाला चिकचिक होते, दोनतीन रात्रींसाठी मला ते नको वाटतं.

आणि मॅट! अंगाखाली दबलेली बॅग, एक असो की दोन, जवळपास काहीच उपयोगाची नसते. दोन बॅगा घेऊन एका पातळ मॅटवर झोपलं तर पाठ गारच राहणार. मॅटच्या आर-व्हॅल्यूची (मॅट जमिनीची थंडी किती अडवते त्या आकड्याची) मात्र सरळ बेरीज होते, मी खाली २ ची फोमची आणि वर ४ ची हवेची टाकते, म्हणजे ६. बर्फावर ५ च्या खाली जायचंच नाही. पैसे एकाच गोष्टीसाठी असतील तर दुसऱ्या बॅगेच्या आधी मॅट घ्या.

तक्रारी पण आहेत. वजन साधारण २ किलो ३०० ग्रॅम भरतं, तेवढ्याच ऊबेची एकच डाऊन बॅग यापेक्षा बरीच हलकी येते आणि सॅकमध्ये जागाही कमी खाते, लांबच्या चालीत हे खांद्यांना जाणवतं. दोन्ही चेन एकाच बाजूला नसतील तर रात्री लघवीला उठताना जीव मेटाकुटीला येतो, माझी आधीची जोडी तशीच होती, अंधारात एक चेन सापडायची आणि दुसरी पाठीखाली. कूस बदलताना आतली बॅग फिरते, बाहेरची तशीच राहते आणि हूडची तोंडं जुळत नाहीत, मग आपला श्वास बॅगेच्या आत जातो आणि गळ्याकडचा भाग ओला होतो. मी बाहेरच्या बॅगेचा हूड ओढतच नाही, फक्त आतल्याचा घट्ट करते, नाक-तोंड हूडच्या बाहेर ठेवते आणि तोंडावर लोकरीचा बफ (गळ्यात घालायची नळीसारखी पट्टी) घेते.

विकत घेण्याआधी दुकानातच एकात एक घालून, जॅकेट घालून आत झोपून बघा. आत हात डोक्यापर्यंत नेता आला पाहिजे आणि बाहेरून छातीवर दाबून सोडलं की बॅग परत वर आली पाहिजे, नाही आली तर एक साइज मोठी मागा. आणि घरी आल्यावर दोन्ही वेगवेगळ्या करून वाळवा, मी एकदा एकात एक तशाच गुंडाळून दोन दिवस ठेवल्या होत्या तर बाहेरचं सगळं पाणी आतल्या डाऊनमध्ये उतरलं होतं.