पाण्याखालच्या सरावासाठी गॉगल : चार जोड वापरून झाल्यावर

पाण्याखालून पोहण्याचा सराव करणाऱ्याने गॉगल घेताना काचेचा रंग आणि कंपनीचे नाव नंतर पाहावे. आधी पाहायच्या त्या दोनच गोष्टी : वाटीत हवा किती राहते आणि वाटीची कड डोळ्याच्या खोबणीवर कशी बसते. हे मला तीन जोड वापरून पाहिल्यावर आणि एक डोळा लाल करून घेतल्यावर समजले, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

बडोद्यात लालबाग आणि सरदारबागेतल्या तलावांमुळे उन्हाळ्यात अर्धे शहर पोहायला उतरते आणि त्या गर्दीसाठी दुकानांत गॉगलही भरपूर येतात. मात्र ते सारे डोके वर काढून पोहणाऱ्यासाठी निवडलेले असतात. माझा तेरा वर्षांचा मुलगा स्पर्धांची तयारी करतो आणि त्याच्याबरोबर मीही सकाळच्या बॅचला भिंतीला पाय मारून पाण्याखालून डॉल्फिन किकचा (दोन्ही पाय जुळवून माशाच्या शेपटीसारखे मारण्याचा) सराव करते. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये सुरुवातीनंतर आणि प्रत्येक टर्ननंतर 15 मीटरपर्यंतच पाण्याखाली राहता येते, त्याआधी डोके वर यावे लागते. या 15 मीटरमध्ये शरीर वेगात असते, दोन्ही हात कानांमागे घट्ट असतात आणि गॉगल सरकला तर तो नीट करायला हात मोकळा नसतो. साध्या पोहण्यात चालून जाणारा गॉगल इथे उघडा पडतो तो यामुळे.

पहिला जोड मी रावपुऱ्यातल्या एका दुकानातून, मोठी काच पाहून घेतला होता. दोन्ही डोळे एकाच चौकटीत घेणारा, जवळजवळ मास्कसारखा. वर पोहताना तो फार सुखाचा वाटला, कारण त्याची मऊ सिलिकॉनची गादी कपाळावर आणि गालांवर टेकते, डोळ्याभोवती टोचत नाही. पण भिंतीवरून जोराने सुटल्यावर समोरून येणारे पाणी त्याच्या रुंद वरच्या कडेखाली शिरायचे आणि तिसऱ्या किकपर्यंत डावी बाजू भरून जायची. पट्टा आवळून पाहिला, तर गळती थांबली नाहीच, वर नाकाच्या मुळाशी दुखू लागले. आमच्या कोचसरांनी ते पाहून सांगितले, “बेन, चश्मा बहु टाइट ना करो.” त्यांचे म्हणणे बरोबर होते. गादी चेहऱ्यावर मुळात नीट बसत नसेल, तर पट्टा आवळल्याने ती दुमडते आणि पाण्याला आणखी वाट मिळते.

याच गॉगलने मला दुसरा धडाही दिला. खोल बाजूला तळाशी ठेवलेली रिंग काढण्याचा सराव चालू असताना मी तो घालूनच खाली गेले. वर आले तेव्हा डोळ्यांभोवती लाल वळे उमटली होती आणि उजव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्ताचा डाग होता. डॉक्टरांनी तपासून काळजीचे कारण नाही असे सांगितले आणि डाग दोनेक आठवड्यांत गेलाही, पण कारण समजून घेण्यासारखे आहे. दर 10 मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका (पृष्ठभागावर हवेचा असतो तेवढा) दाब वाढतो, म्हणजे 2 मीटरवर पाचव्या हिश्शाने. तेवढ्या दाबाखाली बंद हवा सहाव्या हिश्शाने आकसू पाहते. वाटी कडक असल्याने ती आकसत नाही, मग जागा भरून काढण्यासाठी गादी दबते आणि पापण्यांभोवतीची त्वचा व डोळा आत ओढला जातो. डायव्हिंगच्या मास्कमध्ये नाक आत असते, त्यामुळे नाकाने थोडी हवा सोडून दाब सारखा करता येतो. गॉगलमध्ये नाक बाहेर राहते, तेव्हा तो उपाय उरतच नाही. वाटी जितकी मोठी, तितकी भरून काढायची जागा जास्त. म्हणून तळाशी जाऊन काम करायचे असेल तर नाक झाकणारा मास्क घ्यावा, आणि पृष्ठभागापासून मीटरभराच्या आत आडवे पोहायचे असेल तर कमी हवेचा लहान गॉगल घ्यावा. दोन्ही कामांना एकच जोड शोधत बसू नये.

दुसरा जोड सिलिकॉनच्या पातळ गादीचा, शर्यतीचा होता. त्याविषयी तक्रार नाही, नाकावरची पट्टी तीन मापांत बदलून मिळत होती आणि मुलाला तो चांगला बसला. मला मात्र चश्मा आहे, त्यामुळे तिसरा जोड नंबरचा घेतला. तयार नंबरचे गॉगल सहसा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने मिळतात आणि त्यांत सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा नंबर) नसतो. माझा नंबर उणे 2.75 असल्याने मी उणे 2.5 निवडला आणि तळाची काळी रेघ स्वच्छ दिसू लागली. कॉन्टॅक्ट लेन्स घालून तलावात उतरणाऱ्या मैत्रिणींना मी हाच पर्याय कळकळीने सांगते, कारण लेन्सखाली अडकलेल्या पाण्यातून डोळ्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो.

चौथा जोड स्वीडिश पद्धतीचा, आणि सध्या पाण्याखालच्या सरावाला मी तोच वापरते. हा नमुना 1970च्या दशकात स्वीडनमध्ये माल्मस्टेन या कंपनीने आणला. माझा जोड दुसऱ्या एका कंपनीचा असून एक हजार रुपयांच्या आत मिळाला. वाटीला गादी नसते, नुसते कडक प्लॅस्टिक खोबणीच्या हाडाला टेकते. पाकिटात दोन वाट्या, एक लॅटेक्सचा पट्टा, एक दोरी आणि बारीक नळी एवढेच निघते आणि बाकीची जुळणी आपल्यालाच करावी लागते. नळीतून दोरी ओवून नाकावरचे अंतर आपल्या हाताने ठरवता येते, आणि ह्या गॉगलचे खरे मोल मला यातच वाटते. मी पहिल्यांदा गाठ जरा सैल बांधली, तर डाव्या वाटीच्या आतल्या कोपऱ्यातून पाणी झिरपले. दोरी दोन मिलिमीटर आखडली आणि झिरपणे थांबले. कडेवर साच्याची एक बारीक शिवण राहिलेली होती, डोळ्यांना न दिसणारी, पण बोटाचे टोक फिरवले की लागणारी. नखाच्या कानशीने ती हळूच घासून काढल्यावर टोचणे गेले.

वाटीत हवा इतकी कमी राहते की पापण्यांचे केस काचेला जेमतेम लागत नाहीत. भिंतीवरून सुटताना गॉगल जागचा हलत नाही. अट एकच, हनुवटी छातीकडे हवी. मान वर करून समोर पाहिले की पाणी वाटीच्या वरच्या कडेला धक्का देते आणि कुठलाच गॉगल टिकत नाही. समोर पाहण्याची गरजही नसते. तळावरची काळी रेघ भिंतीच्या 2 मीटर अलीकडे आडव्या पट्टीने संपते, ती दिसली की भिंत जवळ आली असे समजावे. हवेतून पाण्यात पाहताना वस्तू प्रत्यक्ष अंतराच्या सुमारे तीन चतुर्थांशावर भासतात, म्हणून नवा माणूस भिंत आली समजून लवकर थांबतो.

याची उणीवही सांगायला हवी. अर्ध्या तासाच्या पुढे हाड दुखू लागते, त्यामुळे संपूर्ण बॅचभर मी तो घालत नाही. डोळे खोल नसलेल्या माणसाला तो बसेलच असेही नाही. दुकानात पट्टा न लावता वाटी डोळ्यावर दाबून हात काढून पाहावा. क्षणभर चिकटून राहिली तरच पैसे द्यावेत.

जानेवारीत पाणी गार असते आणि आतली दमट हवा काचेला लागताच वाफ धरते. आतून दिलेला वाफरोधक थर बोटाने पुसला की जातो, म्हणून काच फक्त साध्या पाण्याने खळबळून सावलीत वाळवावी. मेमध्ये मी एकदा गॉगल स्कूटरच्या डिकीत विसरले, तर संध्याकाळपर्यंत लॅटेक्सचा पट्टा चिकट होऊन गेला. आता त्याजागी लवचीक दोरी लावली आहे.

श्वास रोखून सराव करताना काठावर लक्ष ठेवणारा माणूस असल्याशिवाय आम्ही पाण्याखाली जात नाही आणि आधी भराभर खोल श्वासही घेत नाही. त्याने श्वास घेण्याची ओढ उशिरा येते आणि तोवर शुद्ध हरपू शकते. मुलगा माझ्या पाठोपाठ उडी मारायला निघाला की मी त्याला थांबवते. तो म्हणतो, “आई, मी मोजतो, तू जा,” आणि आडवी पट्टी ओलांडून मी वर येईपर्यंत काठावरून मोठ्याने मोजत राहतो.