रामकुंडाजवळच्या दुकानातल्या कवड्या : टोपली समोर ठेवतात, निवडून घ्या

आमच्याकडे तुळजाभवानीचा कुळाचार. घटस्थापनेआधी देवीची कवड्यांची माळ नव्याने ओवायची होती. रामकुंडाकडे जाताना पूजासाहित्याची दुकानं लागतात, त्यांतल्या एका जुन्या दुकानातून कवड्या आणल्या.

सगळ्यात आवडलं ते हे, की काकांनी आख्खी टोपली पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "ताई, एकेक हातात घेऊन बघा." कवडी पाकीटबंद घेऊच नये. हे समुद्री गोगलगायीचं कवच. ती जिवंत असताना अंगाचा मऊ पडदा दोन्ही बाजूंनी वर येऊन कवच झाकतो, म्हणून पाठीला उपजतच चकाकी असते. वाळूत घासून निघालेली कवडी मात्र चुन्यासारखी फिकी आणि खरखरीत लागते. तशाही होत्या, त्या बाजूला काढल्या. तोंडाच्या कडेवरून बोट फिरवा. कोवळ्या कवडीची कड पातळ, बिनदाताची असते. वाढ पुरी झाली की कड आत वळते, दात येतात आणि कवच जाड होतं. माळेला अशीच पक्की कवडी हवी.

टोपलीत दोन जाती मिसळलेल्या होत्या. एक पिवळसर, कडेला टेंगळं असलेली. हिच्याच राशी मालदीवहून बंगालमध्ये येत आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे पैसा म्हणून चालत. दुसरी गुळगुळीत, पाठीवर नारिंगी कडं असलेली. काकांनी दोन्ही वेगळ्या करून दिल्या. मी पहिली घेतली. हळदी रंगाच्या 'लक्ष्मी कवड्या' रंगवलेल्या आहेत, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. दुसऱ्या एका दुकानात त्याच मला अस्सल म्हणून चढ्या भावाने दिल्या होत्या आणि ओल्या बोटाला रंग लागला होता.

नापसंत एकच गोष्ट, भोक पाडलेला माल. पाठ फार कापलेली, कडा धारदार, दोरा टिकणार नाही. त्यापेक्षा अख्ख्या घ्या आणि घरी कानशीने पाठ घासा, पण पाण्यात बुडवून आणि नाकाला रुमाल बांधून, कारण भुकटी छातीत जाते. सारीपाटासाठी हव्या असतील तर पाठ शाबूत असलेल्या आणि एकसारख्या आकाराच्याच निवडा. कापलेली कवडी नीट लोळत नाही, दान चुकतं.

भाव नगावर आहे. सणावाराच्या गर्दीत टोपली निवांत बघायला मिळत नाही, आडवारी दुपारी जा.