घरून वाचून यायचं की वर्गातच वाचायचं?

मोठ्या माणसांसाठी साहित्याचा चर्चावर्ग सुरू करायचा म्हटलं की जागा, वेळ आणि फी यांवरच सगळं बोलणं होतं. ते कसंही जुळतं. खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो पहिल्या आठवड्यातच सोडवावा लागतो: मजकूर लोकांनी घरून वाचून यायचा, की वर्गात बसून सगळ्यांनी मिळून वाचायचा?

कोल्हापुरात दसरा चौकाच्या बाजूला एका लहानशा हॉलमध्ये मी दर शनिवारी संध्याकाळी असा वर्ग घेतो. पहिली दोन वर्षं घरून वाचून येण्याची पद्धत ठेवली होती, गेली तीन वर्षं वर्गातच वाचतो. आमच्यात निवृत्त शिक्षक आहेत, दोन नर्सबाई आहेत, गुजरीतले एक सराफ आहेत, शाहूपुरीतल्या गुळाच्या पेढीवरचे एक दिवाणजी आहेत आणि उद्यमनगरातले दोघंतिघं कामगार आहेत. तुमचा गट निराळा असेल, तर माझं म्हणणं त्या मानानं कमीजास्त करून घ्या.

घरून वाचून येण्याला पर्याय नाही, अशी पुस्तकं पुष्कळ आहेत. कादंबरी वर्गात वाचून कधी संपायची? त्यात आपल्या जिल्ह्यानं मराठीला दिलेले लेखक जाड पुस्तकांचे: कोवाडचे रणजित देसाई, आजऱ्याचे शिवाजी सावंत, कागलचे आनंद यादव. पुस्तक पूर्ण वाचून आलेल्या माणसाचं बोलणंही वेगळं असतं. शेवट कळल्यावर तो सुरुवातीकडं परत जातो आणि कुठल्या पानावर आपण फसलो ते सांगतो. आमच्या निवृत्त बाई पुस्तकात बसच्या तिकिटांच्या खुणा घालून यायच्या. त्या बोलायला लागल्या की तासभर कुणी घड्याळाकडं बघायचं नाही. ती खोली वर्गातल्या वाचनाला येत नाही, हे मला मान्य आहे.

प्रतींची अडचण आहेच. गावात 1850 सालापासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे, इतरही वाचनालयं आहेत, पण एकाच पुस्तकाच्या अठरा प्रती एका वेळी मिळायच्या कुठून? तरी लोक एकमेकांत फिरवून वाचतात. प्रतींवरून मी पद्धत बदलली नसती.

बदलली ती दारातल्या एका वाक्यामुळं. ‘सर, या वेळी वाचायला जमलं नाही.’

दर शनिवारी पहिली वीसेक मिनिटं या वाक्यात जायची. घरात लग्न होतं, डबल ड्युटी लागली, नातू आजारी होता. कारणं सगळी खरी. पण कारण सांगून आत आलेला माणूस मागच्या खुर्चीत बसायचा आणि दोन तास तोंड उघडायचा नाही. मी विचारलं तर म्हणायचा, ‘मी वाचलेलंच नाही, मी काय बोलणार?’ दुसऱ्या शनिवारी तो उशिरा यायचा, तिसऱ्या शनिवारी यायचाच नाही. मला आधी वाटायचं, याची आवड तेवढीच असेल.

मग आनंद यादवांची ‘झोंबी’ घेतली. 1987 साली आलेली, 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली, आणि कागलच्या रानात, बापाशी भांडत शिकणाऱ्या पोराची. आमच्यात उद्यमनगरात लेथवर काम करणारे एकजण कागलकडचे. मला वाटलं, या पुस्तकावर आता हेच बोलतील. चर्चेच्या दिवशी मी दारात उभा होतो. ते मोटारसायकलवरून आले, फाटकाशी गाडी थांबवली, पाय टेकवून जरा वेळ आत बघितलं आणि गाडी वळवून गेले. आत आम्ही दोन तास त्यांच्या गावाच्या मातीबद्दल बोललो.

दहाबारा दिवसांनी ते भाजी मंडईत भेटले. मी विचारायच्या आधीच म्हणाले, ‘आलतो की सर. पुस्तक व्हायचं हुतं अजून माझं.’ किती झालं होतं, विचारलं. दीडशे पानांच्या पुढं गेले होते. रोज रात्री पाळी सुटल्यावर चारपाच पानं. मोट, बैल, फड यांबद्दल मंडईत उभ्या उभ्या त्यांनी पंधरा मिनिटांत जे सांगितलं, ते आमच्या दोन तासांत कुणालाच सांगता आलं नव्हतं. आणि हा माणूस ‘वाचून झालं नाही’ म्हणून फाटकातून परत गेला होता. शाळेत गृहपाठ न करता गेलेल्या पोराची भीती पन्नाशीच्या माणसाच्या पोटात तशीच असते, आणि माझी पद्धत ती दर आठवड्याला उकरून काढत होती. पुढच्या महिन्यापासून मी वर्गातच वाचायचं ठरवलं.

वर्गातल्या वाचनाला मजकूर आखूड लागतो. आमच्या वेगानं सात-आठ पानं म्हणजे अर्धा तास, त्याहून जास्त घेऊ नये. इथं दिवाकरांच्या नाट्यछटा फार उपयोगी पडतात. एक माणूस बोलतो, समोरचा काय म्हणाला ते आपण त्याच्या बोलण्यावरून ओळखायचं. आम्ही एकाला छापलेलं वाचायला लावतो आणि बाकीच्यांनी समोरच्याची न लिहिलेली वाक्यं भरायची. एका वाक्यावर नर्सबाई आणि सराफ यांच्यात जुंपली: समोरचा इथं गप्प बसला की उलट बोलला? वाद मजकुरात बोट ठेवून होतो, कारण मजकूर सगळ्यांसमोर असतो. दिवाकर 1931 साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखनावरचा हक्क संपतो, त्यामुळं झेरॉक्स काढतानाही मनाला टोचत नाही.

संस्कृतीचे विषय तर या पद्धतीत फारच खुलतात. एका शनिवारी शाहू महाराजांचा 26 जुलै 1902 चा आदेश घेतला. मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानाच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखून ठेवणारा. 26 जूनला जयंतीच्या भाषणांत सगळ्यांनी त्याबद्दल ऐकलेलं, पण शब्दन् शब्द कुणी वाचलेला नव्हता. मागासलेले म्हणजे कोण, हे त्यात उलट्या बाजूनं सांगितलंय: ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. ‘इतर पुढारलेले म्हणजे कोण, आणि ते ठरवणार कोण?’ दिवाणजींनी विचारलं, आणि सगळी संध्याकाळ त्या एका प्रश्नावर गेली. हा कागद मी घरी वाचायला दिला असता तर सगळ्यांनी ‘माहीत आहे’ म्हणून घडी घालून ठेवला असता, असं मला तरी वाटतं.

आता दोष. मोठ्यानं वाचायची लाज हा सगळ्यात मोठा. ‘न’ आणि ‘ण’वरून हसलं गेलेलं माणूस चाळीस वर्षांनीही ते विसरत नाही. म्हणून पाळीनं वाचायला कधीही लावू नका. ज्याला वाचायचंय त्यानं वाचावं, उच्चार कुणी दुरुस्त करायचा नाही, हे पहिल्या दिवशी स्पष्ट सांगा आणि कुणी दुरुस्त केलाच तर तिथल्या तिथं थांबवा. अक्षर मोठं छापा. आवाजाचाही त्रास आहे: संध्याकाळी चौकातले हॉर्न आत येतात, वर पंखा घरघरतो आणि सत्तरीच्या पुढच्यांना निम्मं ऐकू येत नाही. भाडं थोडं जास्त पडलं तरी रस्त्यापासून आतली खोली घ्या. आणि भराभर वाचणाऱ्यांना कंटाळा येतो, हेही खरं. आमच्या तिकिटांच्या खुणावाल्या बाई मधले चार महिने आल्या नाहीत. त्याचं मला वाईट वाटलं. आता त्या येतात, पण त्यांना हवं ते मी पूर्ण देऊ शकत नाही.

तुमच्याकडं सगळे निवृत्त, वाचायची सवय असलेले आणि दुपार मोकळी असणारे असतील, तर घरून वाचून येण्याची पद्धतच घ्या, सुखानं चालेल. गट मिसळ असेल, कामावरून परस्पर येणारे असतील, तर माझा कल कुठं आहे ते तुम्हाला कळलंच असेल. फाटकातून परत जाणारा माणूस आपल्याला दिसतोच असं नाही. मला तो योगायोगानं दिसला.

बाईंसाठी म्हणून आम्ही वर्षातून एक कादंबरी घेतो. जूनमध्ये सुरू करायची, चर्चा दिवाळीनंतर, आणि पहिलं प्रकरण वर्गातच वाचायचं, म्हणजे पुढचं नाही झालं तरी प्रत्येकापाशी बोलायला काहीतरी असतं. यंदा परत ‘झोंबी’ काढलीय. पहिलं प्रकरण कोण वाचणार, असं विचारल्यावर लेथवाल्यांनी खिशातून चष्मा काढला.