पेसर: पेटंट खटल्यांवर पैसे लावण्याआधी उघडायची सेवा

सॅमसंगविरुद्ध 30.3 कोटी डॉलर, एप्रिल 2023. मायक्रॉनविरुद्ध 44.5 कोटी, मे 2024. पेटंट खटल्यांत नेटलिस्ट या मेमरी-मॉड्यूल बनवणाऱ्या कंपनीच्या बाजूने लागलेल्या या आकड्यांवर तिचा शेअर घेणारे भाळतात. पण हे टेक्सासमधल्या मार्शल इथल्या ज्युरीने ठरवलेले आकडे आहेत. ज्युरीने रक्कम ठरवली म्हणून ती कंपनीच्या हाती पडत नाही. मधले टप्पे बघायचे तर अमेरिकेच्या फेडरल न्यायालयांची पेसर ही कागदपत्रसेवा लागतेच. 5 पैकी साडेतीन गुण.

दर सरळ आहे. पानाला 10 सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त 3 डॉलर, आणि तिमाहीचं बिल 30 डॉलरच्या आत राहिलं तर सगळं माफ. न्यायालयाची निकालपत्रं फुकट. पैसे गळतात ते शोधात: शोधाच्या यादीलाही पानामागे 10 सेंट पडतात आणि तिथे 3 डॉलरची मर्यादा नाही. म्हणून कंपनीच्या नावाने न शोधता खटल्याचा क्रमांक टाका. सॅमसंगच्या 2023 च्या निकालाचा 2:21-सीव्ही-00463. डॉकेट, म्हणजे खटल्यातल्या सगळ्या नोंदींची यादी, मागवताना तारखांची मर्यादा घाला आणि पक्षकार-वकिलांच्या यादीपुढची खूण काढा, पेटंट खटल्यात ती यादीच बरीच पानं खाते. त्याआधी कोर्टलिसनर या संकेतस्थळावर एक नजर टाका. रीकॅप हे ब्राउझरचं एक्स्टेंशन वापरणाऱ्या कुणी तो कागद आधीच विकत घेतला असेल, तर तिथे तो मोफत मिळतो.

डॉकेटमध्ये ज्युरीच्या निकालानंतर अंतिम निवाडा झाला का, नव्या सुनावणीचा अर्ज आला का आणि अपिलाची नोटीस कधी लागली, हे बघायचं.

पण इथेच पेसर तोकडं पडतं. पेटंट वैध आहे की नाही याची दुसरी लढाई पेटंट कार्यालयाच्या पीटीएबी मंडळापुढे चालते आणि तिचे मूळ कागद पी-टॅक्ट्स या वेगळ्या, मोफत प्रणालीत असतात. मायक्रॉनच्या 44.5 कोटींपैकी 42.5 कोटी एकट्या '912 पेटंटचे (क्रमांकाचे शेवटचे तीन अंक) होते. त्याच पेटंटचा 16 वा दावा (पेटंटमध्ये हक्क सांगितलेला मुद्दा) पीटीएबीने सॅमसंगच्या अर्जावर एप्रिल 2024 मध्ये, म्हणजे ज्युरीच्या निकालाच्या महिनाभर आधी, अवैध ठरवला होता! असा दावा अधिकृतरीत्या रद्द होतो तो अपिलं संपल्यावर. तोवर दोन्ही निकाल कागदावर शेजारी शेजारी उभे राहतात. फक्त पेसर बघणाऱ्याला पुढचा धोका दिसतच नाही.

दुसरी उणीव रॉयल्टीच्या दरांची. ते बहुधा सीलबंद कागदांत असतात. काही दिवसांनी काळ्या पट्ट्या मारलेली सार्वजनिक प्रत येते, तिचीच वाट बघावी, सीलबंद नोंद उघडत नाही. लायसन्सची ठोस रक्कम कळते ती अमेरिकी शेअर बाजार नियामकाच्या एजर या संग्रहातल्या कंपनीच्या निवेदनांतून, तीही फुकट. एसके हायनिक्सने एप्रिल 2021 मध्ये नेटलिस्टला 4 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, ते तिथेच दिसतं. मेमरी चिपची पेटंट असलेल्या रॅम्बस या कंपनीची जुनी निवेदनंही वाचावीत. नोव्हेंबर 2011 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या ज्युरीपुढे मायक्रॉन आणि हायनिक्सविरुद्धचा मक्तेदारीचा खटला हरल्यावर रॅम्बसचा शेअर एका दिवसात निम्म्याहून खाली आला. तरीही 2013 मध्ये दोघांशी करार झाले. मायक्रॉनचा 7 वर्षांत 28 कोटी डॉलरपर्यंतचा, तोही हप्त्यांनी.