सँफर्ड खटल्याचे प्रक्षेपण : रेचल जाँतेलच्या साक्षीचे दोन दिवस

फ्लोरिडातील सँफर्ड येथे 2013 साली ट्रेव्हॉन मार्टिन या कृष्णवर्णीय मुलाला गोळी घालून मारल्याबद्दल जॉर्ज झिमरमनवर चाललेला खटला अमेरिकेतील वाहिन्यांनी तासन्‌तास थेट दाखवला. त्यापैकी 26 आणि 27 जूनचे, म्हणजे सरकार पक्षाची साक्षीदार रेचल जाँतेल हिच्या साक्षीचे, चित्रण मी नुकतेच सलग पाहिले. चित्र आणि आवाज यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती समालोचनाबद्दल, कारण एकोणीस वर्षांची मुलगी काय सांगते आहे हे समजावून देण्याऐवजी ती कशी बोलते आणि कशी दिसते यावरच चर्चा रंगत गेली, आणि समाजमाध्यमांवर तर तिची उघड टिंगल झाली.

26 फेब्रुवारी 2012 रोजी गोळी लागण्याच्या काही क्षण आधीपर्यंत सतरा वर्षांचा ट्रेव्हॉन मार्टिन फोनवर तिच्याशीच बोलत होता. त्याचा मृतदेह पाहवणार नाही म्हणून ती अंत्यविधीला गेली नाही आणि आपण रुग्णालयात होतो असे खोटेच सांगून बसली. हेही तिला भर न्यायालयात कबूल करावे लागले. पुढे बचाव पक्षाचे वकील डॉन वेस्ट तिला एक पत्र वाचायला सांगतात. ते तिनेच मैत्रिणीकडून लिहून घेतलेले असते. ती मान खाली घालते आणि जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात सांगते, की कर्सिव्ह, म्हणजे जोडून लिहिलेले, अक्षर आपल्याला वाचता येत नाही. तो क्षण पाहताना मला चित्रण थांबवावे लागले.

रेचलच्या घरी हैतीची क्रिओल आणि स्पॅनिश बोलली जाई, आणि तिची इंग्रजी कृष्णवर्णीय अमेरिकनांची होती. या बोलीत ‘आहे’ या अर्थाचे क्रियापद अनेकदा गळते. ‘तो माझा भाऊ’ हे वाक्य आपल्याला अपुरे वाटत नाही, पण तिच्या बोलण्यातील असेच वळण अडाणीपणाची खूण ठरवले गेले. निकालानंतर एका ज्यूरी सदस्येने मुलाखतीत सांगितले, की तिचे बोलणे समजायला कठीण गेले. जॉन रिकफर्ड आणि शरीस किंग या भाषाशास्त्रज्ञांनी 2016 मध्ये या साक्षीचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध करून तिच्या बोलीचे व्याकरण नियमबद्ध असल्याचे दाखवून दिले. माझ्या मते असा एखादा जाणकार प्रक्षेपणाच्या वेळीच स्टुडिओत बसवायला हवा होता.

मूळ चित्रणाला मी पाचपैकी चार गुण देईन, समालोचनाला एकही नाही. पाहायचेच असेल तर समालोचन टाळावे आणि न समजलेले वाक्य मागे जाऊन पुन्हा ऐकावे. दुसऱ्या दिवसाची सुरुवात तर मुळीच चुकवू नये. आज तू कालपेक्षा वेगळी दिसतेस, रात्री तुझ्याशी कोणी बोलले का, असे वेस्ट विचारतात. ती म्हणते, नाही, मी झोपले.